गंज, तांबेरा, राप: जुन्या गाड्यांच्या अंगावरचे शब्द

प्रश्न असा आला आहे: “पुण्यात काही हौशी लोक जुनी चेतक, लूना किंवा जीप नव्यानं रंगवत नाहीत. रंग उडालेली, लालसर डाग पडलेली गाडी तशीच जपतात. काही जण तर चांगल्या पत्र्यावर मुद्दाम तसं रूप आणतात. इंग्रजीत याला ‘पॅटिना’ म्हणतात. मराठीत काय म्हणावं? ‘गंजकी गाडी’ म्हटलं की मालक चिडतो.”

मालकाचं चिडणं रास्त आहे. ‘गंजका’ या विशेषणात वर्णनापेक्षा निकाल जास्त असतो. गंजका खिळा, गंजकी सुरी, गंजकं कुलूप, या सगळ्यांत वस्तू कामातून गेली हे गृहीत धरलेलं असतं. ‘जुनाट’मध्ये नावड आहे आणि ‘जीर्ण’ म्हटलं की वस्तू मोडायला आलेली वाटते. ‘जुनवट’ हा मायेचा शब्द आहे, पण ढोबळ. कालच रंगवून आणलेली चेतकही तिच्या आकारामुळे जुनवट दिसतेच.

माझ्या मते इथे ‘राप’ हा शब्द चपखल बसतो. उन्हापावसात राबून माणसाचा चेहरा रापतो, हात रापतात. त्वचा शाबूत असते, फक्त उघड्यावर काढलेल्या दिवसांचा रंग तिच्यावर बसलेला असतो. म्हणून ‘रापलेली चेतक’, ‘टाकीला सुरेख राप चढलाय’. हे रूप हातानं आणलेलं असेल तर ‘रापवलेली’. अस्सल आणि केलेलं यांतला फरक मराठी क्रियापद एका ‘व’नं सांगून टाकतं.

पण गाडीवरच्या प्रत्येक डागाला राप म्हणणं धोक्याचं आहे. इथे शब्द चुकला की दुरुस्तीही चुकते, म्हणून थर नीट ओळखायला हवेत. उन्हानं रंग फिका आणि खडूसारखा भुकटा झाला तर तो विटला. गुडघा, बूट, हाताचा पंजा लागून खालचा प्रायमर दिसू लागला तर रंग झिजला. पत्रा उघडा पडून त्यावर बोटाला लागेल अशी लाल पूड आली, तर तिला ‘तांबेरा’ म्हणावं. शेतकरी गव्हावरच्या रोगासाठी हा शब्द वापरतात, आणि तिथेही पानावरून बोट फिरवलं की तांबूस पूडच हाताला येते. पुढची पायरी पोपड्यांची. आणि पत्राच उरला नसेल तर तो सडला. डेंटिंगवाले ‘पत्रा सडलाय’ म्हणतात तेव्हा त्यांना ठिगळाचं काम दिसत असतं. विटणं, झिजणं आणि पातळ तांबेरा एवढंच राप या शब्दात बसतं. पोपडे आणि सड बसत नाहीत.

‘पॅटिना’ हा उसना शब्द नेमका इथेच फसवतो. तो इटालियनमधून आला आणि जुन्या काशाच्या मूर्तींवर येणाऱ्या थरासाठी रूढ झाला. तांब्यावर आणि काशावर येणारा तो थर सहसा धातूला घट्ट धरून बसतो आणि पुढची झीज मंदावतो. लोखंडाचा गंज तसा वागत नाही. तो मूळ लोखंडापेक्षा काही पट जास्त जागा घेतो, सच्छिद्र असतो, फुगून सुटतो आणि खालचा ताजा पत्रा पुन्हा हवेला उघडा करतो. मेहरौलीचा लोहस्तंभ सुमारे १६०० वर्षं टिकला, कारण त्या लोखंडात फॉस्फरसचं प्रमाण जास्त आहे आणि त्यामुळे वर संरक्षक थर बसला. स्कूटरच्या साध्या पत्र्याला ती सोय नाही. म्हणून गाडीचा राप आपोआप टिकत नाही, तो थांबवावा लागतो.

आधी तपासणी. १९७२ पासून आकुर्डीत बनलेल्या चेतकला वेगळी चासी (गाडीचा सांगाडा) नाही, पत्र्याचं अंग हीच तिची चासी. त्यामुळे जीपच्या मडगार्डवरचं भोक दिसायला वाईट, तर चेतकच्या फ्लोअरमधलं भोक जिवाला धोका. पाय ठेवायच्या पट्ट्यांखाली, ब्रेक पेडलच्या खाचेभोवती आणि स्टँडच्या बोल्टांपाशी चिखल साठतो, तिथे स्क्रू ड्रायव्हरचं टोक जोरानं दाबून बघावं. टोक रुतलं तर तो भाग कापून नवा पत्रा वेल्ड करायचा, कितीही सुंदर दिसत असला तरी. बोटानं ठोकल्यावर बद्द आवाज आला किंवा चुंबक चिकटला नाही तर खाली लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरलेली आहे. फ्लोअरच्या खालच्या बाजूला तारेच्या ब्रशनं पोपडे काढून फॉस्फोरिक आम्लाचा रस्ट कन्व्हर्टर (गंज स्थिर करणारं रसायन) लावावा, त्यावर एपॉक्सी प्रायमर. हाच कन्व्हर्टर दर्शनी भागावर मात्र लावू नये. तो गंज काळा करतो आणि ज्या तांबूस रंगासाठी सगळा खटाटोप केला तोच जातो.

अस्सल राप असलेल्या अंगावर सौम्य साबण, मऊ फडकं, बस्स. रबिंग कंपाउंड सगळीकडे फिरवलं की झिजलेल्या कडांचा उरलासुरला रंगही जातो, आणि मूळ रंग परत आणता येत नाही. सुटी पूड स्कॉचब्राइटनं हलकेच काढून पत्रा उन्हात पूर्ण वाळवावा. मग डबल बॉइल्ड जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन निम्मेनिम्म मिसळून फडक्यानं पातळ हात द्यावा, वीस मिनिटांनी जादा तेल पुसावं, दुसरा हात दुसऱ्या दिवशी. तेल साचलं तर ते चिकट राहतं आणि धूळ धरतं. तेलाची फडकी चुरगाळून टाकू नयेत, ती आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवावीत किंवा मोकळ्यावर पसरून वाळवावीत.

तेलाऐवजी मॅट क्लिअर लॅकरही चालतं, पण त्याखाली ओल किंवा मीठ राहिलं तर पहिल्याच पावसाळ्यात फुगे येतात. लॅकरखाली तांबेरा गडद दिसतो हेही आधी छोट्या तुकड्यावर बघून घ्यावं. कोकणात राहिलेली गाडी पुण्यात आणली असेल तर हे काम करण्यापूर्वी ती गोड्या पाण्यानं दोनतीनदा नीट धुवावी.

आता रापवणं. चांगल्या पत्र्यावर खराखुरा तांबेरा आणायचा तर रंग काढून ८० आणि मग १२० नंबरच्या पेपरनं घासावं, थिनरनं तेलकटपणा पुसावा. अर्धा लिटर ३ टक्क्यांचं हायड्रोजन परॉक्साइड, ६० मिली पांढरं व्हिनेगर, दीड चमचा मीठ. फवारल्यावर काही मिनिटांत रंग चढायला लागतो. तीनचार फवारे पुरतात. काम मोकळ्या हवेत, चष्मा आणि हातमोजे घालून करावं. उरलेलं मिश्रण बंद बाटलीत ठेवू नये, वायू साठून बाटली फुटते. शेवटी एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे खायचा सोडा घालून धुवावं, मग भरपूर साधं पाणी, मग कडक वाळवण. लोक चुकतात ते इथेच. मीठ पत्र्यावर राहिलं की वरून काहीही लावा, गंज आतून चालूच राहतो. ब्रेक, केबल, नटबोल्ट, वेल्डचे जोड यांवर हा प्रयोग अजिबात नको.

मला दुसरी वाट अधिक पटते: गंज न आणता फक्त रंगानं रापवणं. पत्र्यावर एपॉक्सी, त्यावर रेड ऑक्साइडचा लाल प्रायमर, त्यावर गाडीचा रंग. पूर्ण वाळल्यावर ६०० आणि ८०० नंबरच्या वॉटर पेपरनं कडा ओल्या घासून खालचा रेड ऑक्साइड उघडा करायचा, एपॉक्सीपर्यंत जायचं नाही. रेड ऑक्साइडमधलं रंगद्रव्य म्हणजे लोहाचं ऑक्साइड, गेरूत असतं तेच, त्यामुळे छटा खोटी वाटत नाही. अशा कामाला मी ‘गंजछटा’ म्हणेन, कारण तिथे गंज नाही, त्याची छटा आहे.

पण घासायचं कुठे, हे कळलं पाहिजे. झिजेला कारण असतं. चेतकची किक उजवीकडे, म्हणून उजव्या काउलवर (बाजूच्या फुगीर झाकणावर) बुटाचे ओरखडे. आडव्या पृष्ठभागांवर ऊन सरळ पडतं, म्हणून तिथे रंग आधी विटतो. तांबेरा बोल्टच्या डोक्यापासून, रबर बीडिंगखालून, पत्र्याच्या जोडातून निघतो आणि ओघळ खाली जातो. उभ्या पत्र्याच्या मधोमध, ओरखडा नसताना, गोल लाल डाग दिसला की रापवणाऱ्यानं गाडी कधी नीट बघितलीच नव्हती हे कळतं. इंजिनाचं केसिंग अॅल्युमिनियमचं, त्यावर पांढुरकी पूड येते, तांबूस कधीच नाही. तिथे लाल छटा मारलेली गाडी जाणकार लांबूनच ओळखतो. या गाड्यांची ओढ वाटते ती याचसाठी: प्रत्येक खुणेवरून कोण कुठे बसलं, गाडी कुठे उभी राहिली हे वाचता येतं.

रंग पूर्ण बदलणार असाल तर आधी आरटीओत चौकशी करावी, कारण आरसीवर रंगाची नोंद असते. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी नूतनीकरणाला जाते तेव्हा गाडी तपासली जाते, आणि सडलेलं फ्लोअर राप म्हणून खपत नाही.

विकायची वेळ आली तर जाहिरातीत नुसतं ‘पॅटिना’ लिहून घेणाऱ्याला संभ्रमात टाकू नये. असं लिहावं: “मूळ रंग, रापलेला. फ्लोअर नवा पत्रा घालून वेल्ड केलेलं. उजवा काउल बदललेला आणि रापवलेला. पुढच्या मडगार्डला तांबेरा, सड नाही.”