आमच्या आमटीत कांदा-लसूण नसतो, मग घरचं जेवण कुत्र्याला दिलं तर चालेल का?

चालेल, पण फोडणीच्या आधीचं. आमच्याकडे कुकर उघडला की कुत्रीच्या वाटणीचा भात आणि शिजलेली डाळ आधी बाजूला निघते. मीठ-तिखट त्यानंतर.

कांदा-लसूण नसतो म्हणून तुम्ही निर्धास्त दिसताय. पण आमटी आपली पुणेरी, चिंच-गुळाची असेल तर ती मुळीच देऊ नका. द्राक्षं-मनुक्यांनी कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात हे पशुवैद्यांना बरीच वर्षं माहीत होतं, कारण मात्र सापडत नव्हतं. 2021 मध्ये अमेरिकेतल्या काही पशुवैद्यांनी द्राक्षांतल्या टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. चिंचेत ते भरपूर असतं.

कांद्याचंही सांगतो, कारण रविवारी घरात मिसळ येतेच. कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शिजवा, तळा, नाहीतर पूड करा, फरक पडत नाही. त्रास बऱ्याचदा दोन-चार दिवसांनी दिसतो: हिरड्या पांढुरक्या, लघवी तपकिरी, कुत्रं मलूल. तोवर तो रस्सा कुणाला आठवतोय!

सणासुदीला खरी पंचाईत पाहुण्यांची. गणपतीत शिऱ्यातले बेदाणे, दिवाळीत चिवड्यातले मनुके, आणि वर 'एकानं काय होतंय?' किती मनुके चालतात याचा भरवशाचा आकडाच नाही. एखादं कुत्रं थोड्यानेही आजारी पडतं. आम्ही आरतीच्या वेळी आमच्या कुत्रीला सरळ आतल्या खोलीत ठेवतो. आजीला राग येतो, येऊ दे.

चॉकलेट, शिजवलेली हाडं (मटणाची नळीसुद्धा) आणि जायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असलेलं शुगर-फ्री च्युइंगम बंद.

बिनमिठाची भाकरी, उकडलेलं अंडं, वाफवलेला लाल भोपळा, गाजर, बिया काढलेली पपई खुशाल द्या. मात्र असा वरचा खाऊ दिवसभराच्या उष्मांकांच्या दहा टक्क्यांच्या आतच ठेवा. आणि नुसत्या वरण-भातावर कुत्रं पोसायचा विचार असेल तर आधी डॉक्टरांकडून आहार ठरवून घ्या. त्यात प्रथिनं आणि कॅल्शियम कमी पडतं.

चुकून काही खाल्लंच तर लक्षणांची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. काय, किती, कधी खाल्लं आणि कुत्र्याचं वजन किती, एवढं सांगा. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायच्या फंदात पडू नका, त्या मिठानेच जिवावर बेतू शकतं.