पांढऱ्या पाटीवर ‘सहा महिने बघू’ परवडेल का?

प्रश्न असा आहे: ‘वय 44, राहणार पुणे. नोकरी गेली आहे. घरची 1,197 सीसीची पेट्रोल गाडी आहे, खासगी नोंदणीची, दोन वर्षांचे हप्ते बाकी. ती अ‍ॅपवर चालवायचा विचार आहे. ओळखीचा एजंट म्हणतो, दुसऱ्याच्या आयडीवर जोडून देतो, सहा महिने पांढऱ्या पाटीवर चालवा, जमलं तर पिवळी करा. विमा फुल आहे. संध्याकाळी पुतण्या चालवेल. करू का?’

पांढऱ्या पाटीवर, म्हणजे खासगी नोंदणीवर, एक दिवसही करू नका. भाडं घ्यायचं तर टॅक्सीची पिवळी पाटी हवी.

तुमचा ‘फुल’ विमा खासगी वापरापुरता फुल आहे. पॉलिसीत ‘वापराच्या मर्यादा’ असा एक परिच्छेद असतो, तो काढून वाचा. भाडं घेऊन प्रवासी नेणं त्यात बसत नाही. बंपर फुटल्याचा क्लेम नाकारला गेला तर वीसपंचवीस हजारांचं दुखणं. माणूस दगावला तर गोष्ट वेगळी. मृत्यू किंवा दुखापतीच्या थर्ड पार्टी भरपाईला, म्हणजे अपघातात सापडलेल्या इतरांना द्यायच्या पैशांना, वरची मर्यादा नाही. परमिट (भाड्याने प्रवासी नेण्याचा परवाना) नसताना गाडी चालवणं हा विमा कराराचा मूलभूत भंग असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये म्हटलं. अशा वेळी विमा कंपनीने आधी पीडितांना पैसे द्यावेत आणि मग ते मालकाकडून वसूल करावेत, असा आदेश होतो. मालक म्हणजे तुम्ही. एजंट तेव्हा फोन उचलणार नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 192अ मध्ये परमिटविना वाहन वापरल्यास पहिल्याच गुन्ह्याला 10,000 रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, ते आणखी वेगळं.

आता पांढऱ्या पाटीवर राहून वाचतं किती ते पाहू. जून 2022 पासूनच्या दरांनुसार 1,000 ते 1,500 सीसीच्या खासगी गाडीचा थर्ड पार्टी हप्ता 3,416 रुपये. तेवढ्याच इंजिनाच्या टॅक्सीचा 7,940, वर प्रत्येक प्रवाशामागे 978. चार प्रवाशांचे धरून 11,852. फरक 8,436 रुपये, महिन्याला साधारण 700, जीएसटी वेगळा. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ताही टॅक्सीला चढाच असतो. तरीही एवढ्यासाठी घर टांगणीला लावण्यात मला काही शहाणपण दिसत नाही.

पिवळ्या पाटीचा खरा खर्च दुसरीकडेच आहे. एकदा टॅक्सी झालेली गाडी विकताना पडेल भावात जाते. गाडीच्या फिटनेस तपासणीसाठी दर दोन वर्षांनी, आणि आठ वर्षांनंतर दरवर्षी, आरटीओची वारी. रोज दोनतीन तास चालवून हे फिटत नाही. म्हणून करायचं तर पूर्णवेळ.

‘सहा महिने बघू’ ही कल्पना मात्र चांगली आहे, फक्त स्वतःच्या गाडीवर नको. परमिट असलेली कुणाची तरी टॅक्सी शिफ्टवर चालवा. तुमचं लायसन्स त्या गाडीला चालतं का, एवढं आधी पाहून घ्या. मालकाला द्यायचे पैसे, सीएनजी, अ‍ॅपचं कमिशन हे सगळं वजा जाता हातात काय उरतं ते वहीत लिहा. तीन महिन्यांतच कळेल, आणि कंबर काय म्हणते तेही.

पुतण्याचं म्हणाल, तर मालक-चालकाचं 15 लाखांचं अपघात कव्हर ज्याच्या नावावर गाडी त्याचंच. पुतण्या त्यात नाही. गाडी टॅक्सी झाल्यावर पगारी चालकाचं जादा कव्हर पॉलिसीत घालून घ्या; त्याचा हप्ता अगदी किरकोळ असतो. शिवाय त्याच्या नावाने वेगळी अपघात पॉलिसी काढा. नात्यातला म्हणून हे राहून जातं आणि नंतर घरात बोलणं बंद होतं.

अ‍ॅप कंपन्यांनी चालकाला किमान 5 लाखांचा आरोग्य विमा आणि 10 लाखांचा टर्म विमा द्यावा, असं केंद्राच्या जुलै 2025 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. तुमचं अधिकृत खातं झाल्यावर तो कागद मागून घ्या. दुसऱ्याच्या आयडीवर चालवणाऱ्याला यातलं काही मिळत नाही. आणि तुमच्या वयाला, मुलं शिकत असतील तर, 10 लाख फार थोडे. स्वतःचा टर्म विमा वेगळा काढा आणि अर्जात व्यवसाय ‘टॅक्सीचालक’ असाच लिहा.

तीन महिन्यांनी आकडे पटले, तर आरटीओआधी बँकेत जा. कर्ज खासगी गाडीचं आहे, त्यामुळे बँकेच्या एनओसीशिवाय नोंदणी बदलणार नाही, आणि काही बँका आधी कर्ज फेडायला सांगतात. तसं झालं तर शिल्लक मोडून ते फेडू नका. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला राहत नसेल, तर शिफ्टवरच चालवत राहा.