मोह तोडू नका, वटवाघळंही हुसकू नका

प्रश्न (डहाणू-घोलवड भागातील चिकू बागायतदार): बांधावरच्या मोहाच्या झाडावर रात्री मोठी वटवाघळं येतात आणि जाता-येता चिकू खातात. मोहापासून उत्पन्न आहे, वटवाघळांपासून नुकसानच. मग त्यांना हुसकावून नुसता मोह ठेवावा, की मोहच तोडावा?

उत्तर: यातलं काहीही करू नका. या दोघांचा हिशेब वेगळा मांडता येत नाही. मोहाचं फूल रात्री उमलतं आणि पहाटे गळतं. वटवाघूळ त्याचा गोड, मांसल भाग ओढून खातं आणि तोंडाला लागलेले परागकण पुढच्या झाडावर नेतं. स्त्रीकेसर मात्र फांदीवरच राहतो, त्यातूनच फळ धरतं. पिकलेल्या फळाचा गर खाऊन बी लांब टाकणारंही तेच. ज्या बियांचं तेल तुम्ही काढता, त्यात त्याचा वाटा आहे.

दोघंही सावकाश वाढणारे. रोपाला फुलं यायला 8 ते 10 वर्षं तरी लागतात. वटवाघळाची मादी वर्षाला बहुधा एकच पिल्लू देते, तेही साधारण फेब्रुवारी ते मे या काळात. नेमका तेव्हाच मोह फुलतो. त्या दिवसांत फटाके लावले, वडा-चिंचेवरची वस्ती जाळली, तर अंगाला बिलगलेली पिल्लं खाली पडून मरतात. हे मला अजिबात मान्य नाही. आणि मोह गेला, तर तीच वटवाघळं भुकेपोटी चिकूवर जास्त उतरतील, असं माझं मत आहे.

खरा उपाय काढणीत आहे. वटवाघूळ पिकलेल्या फळाच्या वासावर येतं आणि चिकू तर झाडावर पिकू द्यायचाच नसतो. सालीवरची भुकटी झडली, नखाने खरवडल्यावर हिरव्याऐवजी पिवळट दिसलं, की फळ लगेच उतरवा. दर काही दिवसांनी फेरी मारा, शेंड्याची फळं झेल्याने (टोकाला जाळी लावलेल्या काठीने) काढा. मोजक्या झाडांवर जाळी लावायची असेल, तर बारीक भोकांची आणि ताणून बांधा. सैल जाळीत पक्षीही अडकतात.

दात लागलेलं फळ खाऊ नका, विकू नका, तेवढा भाग कापूनही नाही. 2018 मध्ये केरळात कोझिकोडला निपाहची साथ आली, तो विषाणू फळं खाणाऱ्या वटवाघळांत आढळतो. घाबरायचं कारण नाही, पण अशी फळं खड्ड्यात पुरा आणि मेलेल्या वटवाघळाला उघड्या हाताने शिवू नका.