पहिला साबण करण्याआधी कॉस्टिकबद्दल

सुगंध आणि साचे नंतर बघू, आधी कॉस्टिक सोडा, म्हणजे तेलाचा साबण बनवणारा तीव्र क्षार (सोडियम हायड्रॉक्साइड). गार पाणी मोजून घ्या आणि त्यात कॉस्टिक थोडं थोडं सोडत ढवळा. उलटं कधीच नको. कॉस्टिकवर पाणी ओतलं की ते उसळून अंगावर उडतं. योग्य क्रमानेही द्रावण ८०-९० अंशांपर्यंत तापू शकतं, म्हणून उघड्या खिडकीपाशी करा आणि वाफेवर वाकू नका.

भांडं स्टीलचं घ्या. जर्मनचं पातेलं अजिबात नको, कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियम खातं आणि हायड्रोजन सुटतो. संडास-मोरी साफ करायची पावडरही वापरू नका, तिच्यात आणखी काय काय मिसळलेलं असतं.

हातमोजे सगळेच घालतात, गॉगलचा मात्र कंटाळा करतात. मला विचाराल तर गॉगल आधी. तोही बाजूंनी बंद असलेला. नंबरचा चष्मा पुरत नाही. डोळ्यात थेंब गेला तर नजर जाऊ शकते. तसं झालंच तर वाहत्या पाण्याने निदान २० मिनिटं धूत राहा आणि तडक दवाखाना गाठा. त्वचेवर उडालं तरी पाणीच. लिंबू-व्हिनेगर चोळू नका.

वाटी-चमच्याचं माप इथे चालत नाही, वजनकाटा हवा. ५०० ग्रॅम खोबरेल तेलाला, ५ टक्के तेल जादा राहील अशा हिशेबाने, साधारण ८७ ग्रॅम कॉस्टिक लागतं.

उरलेलं घट्ट झाकणाच्या डब्यात, नाव लिहून, मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा. दिसायला ते साखरेसारखंच असतं, आणि पावसाळ्यात ओल धरून त्याचे गोळे होतात.