आधी काय वगळायचं ते ठरव

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले धावपटूंचे व्हिडिओ पाहिले. सेकंदाला २४० फ्रेम, चित्र लख्ख. पण तुला त्यातून हवंय काय? टाच कधी टेकते ते, की गुडघा किती वाकतो ते? हे आधी ठरवलं नाहीस, म्हणून आता फ्रेमांच्या ढिगात चाचपडतो आहेस.

एत्येन-ज्यूल मारेचं काम बघ. हा फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ. १८८२ साली त्याने सेकंदाला १२ छायाचित्रं टिपणारी ‘बंदूक’ केली आणि लोक आजही तिचंच कौतुक करतात. माझ्या मते खरी करामत त्यानंतरची. पॅरिसमध्ये बुआ द बुलोन्य या मोठ्या उद्यानाच्या कडेला त्याचं प्रयोगस्थळ होतं. तिथे काळ्याकुट्ट पार्श्वभूमीसमोरून पांढऱ्या कपड्यांतला माणूस धावायचा. कॅमेऱ्यात खाचा पाडलेली चकती फिरायची आणि दर खाचेसरशी छायाचित्राच्या त्याच काचेवर एक ठसा उमटायचा. काच एक, कॅमेरा जागचा हलत नाही, त्यामुळे काळ आणि अंतर दोन्ही एकाच चित्रात मोजता येत. अडचण एवढीच, की ठसे भराभर घेतले की एकमेकांवर चढायचे. हात कुठला, पाय कुठला, पत्ता लागेना.

मग त्याने माणसाला डोक्यापासून पायापर्यंत काळा पोशाख घातला. हातापायांवरून चकचकीत पट्ट्या, सांध्यांवर ठिपके. माणूस काचेवर उमटेनासा झाला. आल्या नुसत्या रेषा. चेहरा गेला, स्नायू गेले, आणि कोनमापक लावता येईल अशी चाल हाती आली. सिनेमावाले आज अंगाला ठिपके चिकटवून मोशन कॅप्चर करतात, म्हणजे हालचाल संगणकात टिपतात, ते याच वाटेने.

तुला हालचालींची छायाचित्रं टिपणारा छायाचित्रकार मायब्रिज जास्त आवडतो, ठाऊक आहे. १८८७चे त्याचे छायाचित्रमालिकांचे ७८१ तक्ते देखणे आहेतच. पण त्यातल्या काही मालिकांमधली चित्रं सलग नाहीत. दुसरीकडची घालून क्रम जुळवलेला आहे. डोळे भरून बघ, पण मोजपट्टी लावण्याआधी दहादा विचार कर.

आता एकच धावपटू घे. अंगाला घट्ट बसणारे काळे कपडे. खुबा, गुडघा, घोट्यावर पांढरी चिकटपट्टी. जमिनीवर दर मीटरला खूण, कॅमेरा तिकाटण्यावर पक्का, धावण्याच्या रेषेला काटकोनात. गुडघ्याचे कोन कागदावर काढ आणि तो कागद मला पाठव. व्हिडिओ नको.