शेजारच्या मुलांकडून परड्यातली कामे करून घेतल्यास त्यांना किती पैसे द्यावेत?

आपण मे महिन्यात गुहागरजवळच्या घरी येता, शेजारची मुले परडे, म्हणजे घरामागची बाग, झाडतात, लहान कलमांना पाणी घालतात, आणि त्यांना पैसे द्यावेत की खाऊ, असे आपण विचारले आहे. पैसेच द्यावेत. दर कामाआधी ठरवावा, तो मोठ्या गड्याला त्या कामाचा मिळतो तोच असावा, आणि तासावर नव्हे तर कामावर असावा, कारण मुलांचा हात हळू चालतो आणि मध्येच ती खेळायलाही पळतात.

आमच्या वाडीत एका आगरवाल्यांकडे, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागेच्या मालकांकडे, दरवर्षी आमसुले होत. रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, मेअखेरीस एकदम पिकतात, त्यांच्या साली रसाची पुटे देत कडक उन्हात वाळवाव्या लागतात, आणि वळवाच्या सरी आल्या की माल बुरसतो. त्यामुळे त्या दिवसांत घरचे हात पुरत नाहीत आणि वाडीतल्या पोरांना हाक पडते. आम्हांला डब्यामागे दर सांगितला होता. मी आणि दादा बोटे जांभळी होईपर्यंत रातांबे फोडत बसलो. हिशेबाच्या दिवशी त्यांनी वही उघडली, आमची सगळी रक्कम वडिलांच्या उधारीत वळती केल्याचे सांगितले आणि आमच्या हातांत सरबताचे पेले ठेवले. उधारी खरी होती. पण ती आमची नव्हती, आणि दर सांगताना तिचा उल्लेख कोणी केला नव्हता.

दादाचे आजही म्हणणे असे की, पैसे शेवटी घरातच आले असते, मग बिघडले काय? बिघडले ते हे की, वडिलांना न विचारता त्यांचे देणे पोरांच्या मेहनतीतून वसूल केले गेले, आणि त्याचा कमीपणा त्यांनी उगाच सोसला. दादा, तू हे वाचशीलच, म्हणून लिहितो: ते पैसे मी आईलाच दिले असते, पण दिले असते मी.

म्हणून पैसे आईवडिलांसमोर, पण मुलाच्याच हातात द्यावेत. खाऊ वरून द्यावा. तो मजुरीत धरू नये.

कायद्याचेही पाहावे लागेल. १९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाल्यापासून १४ वर्षांखालील मुलाला कामावर ठेवता येत नाही. स्वतःच्या कुटुंबाला शाळेनंतर किंवा सुटीत मदत करण्याची सूट आहे, पण शेजारी कुटुंबात मोडत नाही. तेव्हा रोजच्या शिंपण्याला १४ पूर्ण झालेलीच मुले घ्यावीत. त्यांनाही माडावर चढवू नये, काजूबिया फोडायला देऊ नयेत, कारण टरफलातला चीक कातडी भाजतो, आणि गडग्याकडेचा, म्हणजे दगडी कुंपणालगतचा, पातेरा (वाळका पाचोळा) हातांनी उपसायला लावू नये, कारण तेथे फुरसे हा विषारी साप असू शकतो. ती कामे गड्याची आहेत, आणि त्यांचा दर तो स्वतःच सांगतो.