वाचकांचे प्रश्न : पडद्यावरची मराठी अक्षरे

शाळेच्या इतिहासावर बारा मिनिटांची चित्रफीत करत आहे. शीर्षकाच्या अक्षरांत थोडी हवा खेळावी म्हणून ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधले अंतर, वाढवले, तर शिरोरेघ जागोजागी तुटली. काही ठिकाणी वेलांटीही चुकीच्या बाजूला जाते. फॉन्ट बदलून पाहिला, फरक पडला नाही. (शिक्षिका, चिपळूण)

हे दोन वेगळे आजार आहेत आणि दोन्हींचा फॉन्टशी फारसा संबंध नाही.

आधी वेलांटी. ‘कि’ साठवताना संगणक आधी ‘क’ आणि मग वेलांटी ठेवतो. ती उचलून डावीकडे बसवणे, जोडाक्षरे जुळवणे, रफार वर चढवणे हे सगळे सॉफ्टवेअरच्या टेक्स्ट इंजिनचे काम. ते रोमन लिपीपुरते चालू असेल, तर वेलांटी उजवीकडेच राहते आणि जोडाक्षरांचे पाय मोडलेले दिसतात. प्रीमियर प्रो या व्हिडिओ संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रेफरन्सेसच्या ग्राफिक्स विभागात टेक्स्ट इंजिन ‘साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न’ करा. फोटोशॉपच्या काही आवृत्त्यांत टाइप विभागात ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ आहे. जुनी ओळ तरीही सुधारली नाही, तर नवा टेक्स्ट लेयर घेऊन ती पुन्हा टाइप करा.

आता शिरोरेघ. ती अखंड पट्टी नसते. प्रत्येक अक्षर आपापला तुकडा घेऊन येते आणि शेजारच्याला चिकटते. ट्रॅकिंग वाढवले, की तुकडे सुटतात. मराठीला ट्रॅकिंग शून्यच ठेवा. मोकळेपणा हवा असेल तर आकार वाढवून वजन, म्हणजे अक्षराची जाडी, एक पायरी उतरवा आणि दोन शब्दांमधली जागा वाढवा. ‘मुक्ता’ या मोफत फॉन्टमध्ये सात वजने आहेत, तिथे हे सहज जमते. (वेबच्या सुगम्यता नियमावलीत, म्हणजे डब्ल्यूसीएजीमध्ये, वाचणाऱ्याने अक्षरांतर अक्षराच्या आकाराच्या ०.१२ पटीपर्यंत वाढवले तरी मजकूर मोडू नये अशी अट आहे. मात्र ज्या लिपीत अक्षरांतराची सोयच नाही, तिला त्यातून सूट आहे.)

अक्षरांना बाहेरून रेघ दिली तरी असाच घोटाळा होतो. शिरोरेघेचे तुकडे एकमेकांवर थोडे चढलेले असतात, त्यामुळे प्रत्येक सांध्यावर उभा चरा उमटतो. लेयरची नक्कल काढा. खालच्या लेयरला जाड रेघ द्या, वरच्याला फक्त रंग. चरे झाकले जातात.

गावच्या जत्रेच्या व्हिडिओवर पांढरी सबटायटल्स टाकली आहेत. गुलाल उधळतानाच्या दृश्यात ती दिसतात, पण पांढऱ्या सदऱ्यांच्या गर्दीवर नाहीशी होतात. भगवी पट्टी टाकली, ती सुंदर दिसते, पण आई म्हणते वाचता येत नाही. (वाचक, सातारा)

आईंचे बरोबर आहे, आणि ते आकड्यांत दाखवता येते. डब्ल्यूसीएजीप्रमाणे साध्या मजकुराला किमान ४.५ : १ आणि मोठ्या अक्षरांना ३ : १ कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षर आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, लागतो. नेहमीच्या भगव्यावर (लाल २५५, हिरवा १५३, निळा ५१) पांढरे अक्षर जेमतेम २.१ : १ भरते. त्याच पट्टीवर काळे अक्षर टाका, ते ९.९ : १ होते. भगवा सोडायची गरज नाही, अक्षराचा रंग बदला. फ्लेक्सवरची लाडकी जोडी, म्हणजे लालभडक पट्टीवर पिवळे, ३.७ : १ वर अडकते. मोठ्या शीर्षकाला ती चालेल, सबटायटलला नाही.

पांढरीच अक्षरे हवी असतील तर मागे अर्धपारदर्शक काळी पट्टी द्या. पट्टी किती गडद हवी हे अंदाजाने ठरवू नका. मागे पांढरा सदरा आहे असेच धरून चाला, कारण सगळ्यात वाईट अवस्था तीच. ५० टक्के काळ्या पट्टीवर पांढरे अक्षर ३.९५ : १ भरते, म्हणजे थोडक्यात नापास. ६० टक्क्यांना ५.७, ७५ टक्क्यांना १०.४. आमचे मत ७५ चे. चित्र थोडे झाकले जाते, पण दर दृश्याला पट्टी कमीजास्त करण्याची कटकट उरत नाही. नुसती सावली दाट गर्दीच्या चित्रावर पुरत नाही.

१९२० × १०८० च्या चौकटीत डावी-उजवीकडे ९६ आणि वर-खाली ५४ पिक्सेल जागा मोकळी सोडा. काही टीव्ही कडा कापतात. मराठीला अक्षराचा आकार ६० पिक्सेलपासून सुरू करून पाहा. एका वेळी दोनच ओळी, आणि एक ओळसुद्धा सेकंदभर तरी टिकायला हवी. ओळ कुठे तोडता याला आकाराइतकेच महत्त्व आहे. हे बघा :

पावसाने पूल वाहून
गेला म्हणून गाडी घाटातून वळवली

पावसाने पूल वाहून गेला
म्हणून गाडी घाटातून वळवली

पहिल्यात ‘वाहून’वर नजर अडखळते. दुसऱ्यात प्रत्येक ओळ आपापला अर्थ घेऊन संपते. आणि ‘[हलगीचा आवाज]’ अशी नोंद विसरू नका. ऐकू न येणाऱ्या माणसाला त्याशिवाय पडद्यावर लोक अचानक का नाचू लागले ते कळत नाही.

सबटायटलची एसआरटी फाइल नोटपॅडमध्ये सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवा. ‘अन्सी’ निवडले, की सगळ्या मराठीची प्रश्नचिन्हे होतात आणि ती परत उलटवता येत नाहीत.

सभागृहात शेवटच्या रांगेला स्लाइड दिसेल की नाही, हे घरी कसे तपासावे? (ग्रंथपाल, बेळगाव)

पडद्याची उंची आणि शेवटच्या रांगेचे अंतर यांचे प्रमाण काढा. दीड मीटर उंच पडदा आणि १२ मीटरवरची रांग, म्हणजे आठपट. १५.६ इंची लॅपटॉपचा पडदा साधारण १९ सेंटिमीटर उंच असतो, तेव्हा त्याच्यापासून दीड मीटरवर उभे राहा आणि स्लाइड वाचा. भ आणि म, घ आणि ध, ब आणि व यांत गोंधळ झाला, तर आकार वाढवा. वजन वाढवू नका, कारण प्रोजेक्टरवर जाड अक्षरांच्या पोटातल्या जागा बुजतात.

ओळींमधले अंतर आकाराच्या दीडपट ते १.६ पट ठेवा. रोमनला पुरणाऱ्या १.२ मध्ये वरच्या ओळीतल्या ‘पूर्तता’चा दीर्घ उकार खालच्या ‘मैत्री’च्या मात्रांना जाऊन टेकतो. तिरपी अक्षरेही टाळा. देवनागरी फॉन्टमध्ये खरी तिरपी वळणे क्वचितच असतात. सॉफ्टवेअर सरळ अक्षरच ढकलून तिरपे करते आणि ते पडल्यासारखे दिसते.

आमच्या संस्थेची जुनी मल्टिमीडिया पाठमाला पडद्यावर छान दिसते, पण स्क्रीन रीडर, म्हणजे दृष्टिहीनांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, ती निरर्थक वाचतो. (कार्यकर्ता, नांदेड)

पाठमाला युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असणार. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत. कृतिदेव या तशाच जुन्या फॉन्टात ‘काका’ हा शब्द संगणकासाठी ‘डी के डी के’ ही चार इंग्रजी अक्षरेच असतो. फॉन्ट फक्त त्यांवर मराठी चित्रे चढवतो. स्क्रीन रीडर चित्रे पाहत नाही, अक्षरे वाचतो.

मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या, मग रफार, ‘ऱ्य’ आणि जोडाक्षरे डोळ्यांनी तपासा. रूपांतरात चुका बहुधा तिथेच राहतात. त्यानंतर मजकुराची भाषा ‘मराठी’ नोंदवा. नाहीतर मराठी मजकूर दुसऱ्याच भाषेच्या आवाजात वाचला जाऊ शकतो. ज्या फॉन्टमध्ये सोय आहे, त्यात या नोंदीमुळे ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात, हा वरचा फायदा. चित्रात गोठवलेल्या मजकुराला मात्र पर्यायी मजकूर हातानेच लिहावा लागेल.

शीर्षक टाइप होत गेल्यासारखे एकेक अक्षर उमटवायचे आहे. ‘क्षितिज’ उमटताना मध्येच पायमोडका ‘क्’ दिसतो. (विद्यार्थी, पणजी)

आपल्याला ‘क्षितिज’ तीन अक्षरांचा वाटतो, संगणकात त्याचे सात तुकडे आहेत : क, हलन्त, ष, वेलांटी, त, वेलांटी, ज. टाइपरायटर इफेक्ट ते एकेक करून सोडतो, म्हणून आधी ‘क’, मग ‘क्’, मग ‘क्ष’ आणि मग वेलांटी आल्यावर सगळे उजवीकडे सरकते. स्वतः कोड लिहीत असाल तर तुकड्यांऐवजी ग्राफीम, म्हणजे वाचणाऱ्याला एक वाटणारे अख्खे अक्षर, मोजा. जावास्क्रिप्टमध्ये त्यासाठी ‘इंटल.सेगमेंटर’ आहे. जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम मात्र युनिकोड १५.१ मध्ये, २०२३ साली आला, त्यामुळे जुन्या ब्राउझरात ‘क्’ आणि ‘षि’ सुटे पडू शकतात. तयार सॉफ्टवेअर वापरत असाल तर इफेक्ट ‘अक्षरागणिक’ ऐवजी ‘शब्दागणिक’ करा. तुटणार काहीच नाही. वेबपानावर इफेक्ट पाच सेकंदांपेक्षा जास्त चालणार असेल, तर तो थांबवण्याचे बटणही द्या.